आवाज थांबला ते दिवस

दवाखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. माघारी ‘कानवाल्या ताई’ म्हणत, आणि तेही तिला ठाऊक होतं. नगरपालिकेच्या दवाखान्यात कान तपासायची तिची नोकरी. माणसाला जाड भिंतींच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, “आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा. आल्यासारखा वाटला तरी दाबा.” मग काचेबाहेर यंत्रापाशी बसून एकेक सूर सोडायचा. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून आलेले नवरे आणि त्यांचे ठणठणीत कान, ही तर तिची रोजची करमणूक होती. घरी मात्र तिची आई ठार बहिरी. सगळ्या गावाचे कान तपासणाऱ्या बाईला आईशी बोलायचं तर तिच्यासमोर उभं राहून ओठ हलवावे लागत.

धाकटा भाऊ शाळेत शिकवायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं बिऱ्हाड होतं, बायको आणि तान्ही मुलगी. त्याला सगळे मास्तर म्हणत. बोलायला खणखणीत, रागाला तिखट, पण मनात काही ठेवणारा नव्हे.

गावाबाहेरच्या माळावर कंपनीने इमारत बांधली तेव्हा लोक सहकुटुंब बघायला गेले होते. करडी, लांबच लांब, एकही खिडकी नसलेली. आत माणसं अशी फार नव्हतीच, यंत्रंच यंत्रं. जगभरातली माणसं फोनवर जे बोलतात, बघतात, विकत घेतात ते सगळं आत साठवलेलं असतं, असं म्हणत. ती यंत्रं तापू नयेत म्हणून छतावर अवाढव्य पंखे. इमारतीला वीज लागायची, म्हणून कंपनीने गावाची वीज चालवायला घेतली. थंडाव्याला पाणी लागायचं, म्हणून पाणीही घेतलं. मग रस्त्यावरचे दिवे आले, शाळेला नवे बाक आले, बागेत झोपाळे आले. दवाखान्यात कान तपासायची नवी खोली आली तीही कंपनीकडूनच. प्रत्येक वस्तूवर बोटभर रुंदीची निळी पट्टी. कुणी तक्रार करावी असं त्यात काहीच नव्हतं. दिवे कधी जात नव्हते आणि नळाला पाणी होतं.

आवाज नेमका केव्हा सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नसे. कुणी म्हणे पहिल्या दिवसापासून होता, कुणी म्हणे हळूहळू चढला. बंद खोलीत मोठा भुंगा अडकावा तशी खोल, न थांबणारी घरघर. कानापेक्षा ती दातांत जास्त जाणवायची. पेल्यातलं पाणी स्थिर ठेवलं तरी त्यावर बारीक वर्तुळं उठत.

लोक ताईकडे येऊ लागले. “ताई, कानात काहीतरी गेलंय बहुतेक. सारखं घूं घूं होतं.”

ती तपासायची. कान चांगले निघायचे. “कानात काही नाही,” ती सांगायची. “बाहेर आहे ते.”

एक दिवस दुपारी रुग्ण नव्हता म्हणून ती स्वतः त्या नव्या खोलीत जाऊन बसली. दार लावलं. अशा खोलीत स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू यायला हवा, दुसरं काही नाही. पण घरघर आत होती. उलट बाहेरचा गलका गळून पडल्यामुळे ती अधिक स्वच्छ, अधिक जवळची वाटत होती, जणू खोली तिच्यासाठीच बांधली होती.

तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला नाही ऐकू येत,” ते म्हणाले.

“पाच मिनिटं आत बसून बघा.”

“ताई, मला ऐकायचं नाहीये,” डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा पुन्हा चढवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मास्तरची गोष्ट वेगळी होती. मुलगी जन्मली ती त्या घरघरीतच. तिला मांडीवर घेतलं की तिच्या छातीच्या पिंजऱ्यात ती कंपनं बोटांना लागत. त्याचं डोकं फिरलं. वर्गात बोलला, चौकात बोलला, शेवटी निवडणुकीला उभा राहिला. त्याचं मागणं एकच: आमची झोप आम्हाला परत द्या. बाकीचे उमेदवार रस्ते आणि गटारांवर बोलत राहिले. मास्तर नुसता बोलता बोलता गप्प व्हायचा आणि म्हणायचा, “ऐका.” गर्दी ऐकायची. मग टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

तो निवडून आला, आणि त्याच्याबरोबर उभे राहिलेले झाडून सगळे आले. पालिकेची किल्लीच त्याच्या हातात आली म्हणा. त्या दिवशी ताईने त्याला लहानपणी मारायची तशी पाठीत थाप मारली. आई रडली. आपला मुलगा काय बोलला ते तिने ओठांवरून वाचलं होतं.

पहिल्याच सभेला कंपनीकडून एक बाई आल्या. संपर्क बघायच्या, म्हणून लोक त्यांना संपर्कबाई म्हणत. साधे कपडे, हसरा चेहरा. त्या इतक्या हळू बोलायच्या की समोरच्याचा आवाज आपोआप खाली यायचा. मास्तर भांडायच्या तयारीने आला होता. रात्रभर बसून मुद्दे काढले होते त्याने. पण तो पहिला मुद्दा मांडतो तोच संपर्कबाई म्हणाल्या, “तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे.”

“काय मान्य आहे?”

“लोकांना त्रास होतोय. सोमवारी सकाळी आम्ही सगळं बंद करतो.”

“किती वेळ?”

“तुम्ही सुरू करा म्हणेपर्यंत,” संपर्कबाई म्हणाल्या. “आम्ही आपणहून सुरू करणार नाही. शब्द देते.”

सभेत आनंदीआनंद झाला. मास्तर मात्र घरी येऊन ताईला म्हणाला, “मला कळत नाहीये. ढकलायला गेलो तर दार उघडंच होतं. तोल गेल्यासारखं वाटतंय.”

“जिंकलास तर जिंकल्यासारखा वाग,” ताई म्हणाली. “तोंड का पाडतोस?”

सोमवारी सकाळी ताई कपडे वाळत घालत होती. हातात ओली चादर होती. आणि आवाज थांबला.

हळूहळू विरला नाही. कुणीतरी दोर कापावा तसा थांबला. तिच्या हातातून चादर निसटली. समोरच्या घरातला शिंपी अंगणात उभा होता, तो मटकन खाली बसला. गल्लीतली कुत्री कान पाडून भिंतीच्या कडेला गेली. मग कुणीतरी हसलं, दुसरं कुणी हसलं, आणि बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर आली. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. पानांची सळसळ ऐकू येत होती. कुणाच्या तरी घरातला नळ टपकताना ऐकू येत होता. लोक मास्तरला खांद्यावर घ्यायला निघाले.

ताई घरात गेली तर आई पलंगावर उठून बसली होती. तिचा तळवा भिंतीवर टेकलेला होता. ती भिंत चाचपत होती, जरा वर, जरा खाली, दिव्याचं बटण सापडत नसल्यासारखी.

“काय शोधतेस?” ताईने ओठ हलवले.

“मेलं की काय?” आई म्हणाली.

“कोण मेलं?”

 आईने हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

पहिले दोन दिवस मजेत गेले. त्यानंतर दवाखान्यात रांग लागली. चक्कर येते, घास गिळवत नाही, जमीन तिरकी वाटते. एक ड्रायव्हर म्हणाला, गाडी सरळ चाललीय की नाही हेच कळत नाही. झोप कुणालाच येईना. झोपेसाठी भांडलेलं गाव टक्क डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडायला लागलं. शांतता इतकी होती की शेजारच्या घरातलं सगळं ऐकू यायचं: कोण रडतंय, कोण कुणाला काय म्हणतंय. इतके दिवस आवाजाने जे झाकलं होतं ते उघडं पडलं. लोक घरातही कुजबुजायला लागले. पुढे तेही बंद झालं. दुकानात माणसं बोट दाखवून वस्तू मागत आणि घेऊन जात.

ताईने एका शिंपिणीचे कान तपासले. समोर राहणाऱ्या शिंप्याचीच बायको ती. पहिला सूर सोडण्याआधीच यंत्रावरचा दिवा पेटला. शिंपिणीने बटण दाबलं होतं. ताई थांबली. तिने एकही सूर सोडला नाही. शिंपीण डोळे मिटून बसली होती आणि तिचा अंगठा संथपणे, ठरावीक अंतराने बटण दाबत होता. दिवा पेटायचा, विझायचा. पेटायचा, विझायचा.

तिच्यानंतर ड्रायव्हर आला. त्यालाही तिने नुसतं बसवून ठेवलं. दिवा पेटला, विझला. तेच अंतर. मग एक कॉलेजातली मुलगी, मग एक म्हातारा. तेच, अगदी तेच. सगळं गाव एका तालावर कशाला तरी ‘हो’ म्हणत होतं, आणि हेडफोनमधून काहीच जात नव्हतं.

शेवटी तिने वॉर्डातल्या मावशींना यंत्रापाशी बसवलं. “कशाला हात लावू नका. नुसतं बघा,” असं सांगून ती स्वतः आत गेली. डोळे मिटले. आत काळी, गच्च शांतता होती. आपण बटण दाबायचं नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं. डोळे उघडून तिने काचेतून पाहिलं तेव्हा मावशी तोंडावर हात ठेवून दिव्याकडे बघत होत्या. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा वर उचलला जात होता आणि खाली येत होता.

त्याच दिवशी संपर्कबाई दवाखान्यात आल्या. रांगेतल्या एकेकाची विचारपूस करत ताईपर्यंत पोचल्या.

“ताई, आई भिंतीला हात लावून बसतात का हो अजून?”

 ही गोष्ट ताईने भावाशिवाय कुणाजवळ बोललेली नव्हती. आणि भावाला सांगितली होती तीही फोनवर.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काळजी वाटली म्हणून विचारलं,” संपर्कबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. “वयस्कर माणसांना बदल सोसत नाही. मास्तरांना म्हणावं, आम्ही वाट बघतोय. घाई नाही.”

संध्याकाळी ताई भावाकडे गेली. गल्लीच्या तोंडाशीच तिला थबकावं लागलं. माणसं उभी होती. त्याच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत, खांद्याला खांदा लावून. घोषणा नव्हती, दगड नव्हता, कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काही दिवसांपूर्वी त्याला खांद्यावर घ्यायला निघालेलीच ती माणसं. ती नुसती त्याच्या खिडकीकडे बघत होती. ताईला वाट द्यायला ती बाजूला झाली आणि तिच्यामागे पुन्हा मिटली.

आत भावजय कोपऱ्यात बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर होती. दोन दिवस अखंड रडून मुलीचा घसा बसला होता. तोंड उघडं, चेहरा लाल, पण आवाज नाही.

“दूध घेत नाहीये,” भावजय म्हणाली. “डोळा लागत नाही तिचा. ताई, हिला ती शांतता म्हणजे काय ते माहीतच नाही हो. ही त्या आवाजातच जन्मली. तुम्ही तरी यांना सांगा.”

मास्तर भिंतीला टेकून उभा होता. त्याचे गाल बसले होते. “मी थोडं थांबा म्हणतोय. सुटलेलं व्यसन आहे हे. उतरेल. आठ-पंधरा दिवसांत उतरेल, हो ना ताई? तू सांग.”

ताईला ‘हो’ म्हणायचं होतं. पण तिला मुलीचं उघडं तोंड दिसत होतं, आणि तिचा उजवा अंगठा साडीच्या काठावर उचलला जात होता, टेकत होता.

“मला माहीत नाही रे,” ती म्हणाली.

हेच वाक्य तिला पुढे आयुष्यभर खुपणार होतं. तिला खरंच माहीत नव्हतं. पण त्या घटकेला त्याला टेकायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिने खांदा काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालिकेच्या सभागृहात सभा भरली. पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणी खोकतसुद्धा नव्हतं. संपर्कबाई एकट्याच आल्या होत्या. मास्तर उभा राहिला.

“सुरू करा,” तो म्हणाला.

“आनंद आहे,” संपर्कबाई म्हणाल्या. “फक्त सभेने तसं ठरवायला हवं. आम्ही कधी काही मागितलेलं नाही. मागणी तुमची आहे.” मग त्यांनी हळू आवाजात वाचून दाखवलं. यंत्रं पुन्हा सुरू व्हावीत. त्यांना सोबत म्हणून तळ्याकाठच्या मैदानावर दुसरी इमारत व्हावी. आवाजाचा विषय या सभागृहात पुन्हा निघू नये. आणि नागरिकांच्या सोयीसाठी यापुढे सभा कंपनीच्याच दालनात व्हाव्यात. तिथे थंडावा चांगला आहे.

“तळ्याकाठी मुलं खेळतात,” मागून कुणीतरी पुटपुटलं. आजूबाजूच्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. 

सगळ्यांत आधी मास्तरने हात वर केला. मग बाकीचे वर गेले. ज्यांना मत नव्हतं त्या लोकांनीही गॅलरीत हात वर केले. ताई दाराशी उभी होती. तिने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते. हात अजून वर होते, अध्यक्षांनी मोजायला सुरुवातही केली नव्हती, आणि जमिनीतून ती घरघर वर आली. तळव्यांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून पाठीच्या कण्यात. सगळ्या सभागृहाने एकदम श्वास सोडला. हात आपोआप खाली आले. किती होते ते कुणी मोजलंच नाही.

ताई रस्त्यावर आली. भर दुपार होती. चौकात पोहोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की समोरून कुणीच येत नाहीये. औषधाच्या दुकानात दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून झोपला होता, आणि त्याच्यासमोर गिऱ्हाईक काचेला कपाळ लावून उभ्याउभ्या झोपलं होतं. बस थांब्यावर लागलेली होती, इंजिन चालू, ड्रायव्हर स्टिअरिंगवर, मागे सगळे प्रवासी एकमेकांच्या खांद्यांवर. शाळेच्या खिडकीतून बाकांवर पसरलेली डोकी दिसत होती, फळ्यावरचा शब्द अर्धाच राहिलेला. कुठे धक्का नाही, अपघात नाही. सगळे इतक्या सुखाने घोरत होते की त्यांच्यातून चालताना तिला आपल्याच पावलांची लाज वाटायला लागली. शिंपी आणि शिंपीण आपल्या पायरीवर हात हातात घालून झोपले होते. भावाच्या दारासमोरची माणसं जिथे उभी होती तिथेच आडवी झाली होती. आत मुलगी आईच्या कुशीत होती, तोंड मिटलेलं.

घरी आई भिंतीला तळवा लावून झोपली होती. चेहऱ्यावर हसू होतं. ताई तिच्याशेजारी टेकली, जागं राहायचं ठरवून. पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा दुसरा दिवस चांगला वर आला होता. अंग पिसासारखं हलकं होतं. इतकी गाढ झोप तिला लहानपणानंतर लागली नव्हती, आणि त्या गोडीनेच तिची भीतीने गाळण उडाली.

महिन्याच्या आत तिने नोकरी सोडली. आईला घेऊन ती लांबच्या एका छोट्या गावात गेली. तिथे एका खासगी दवाखान्यात काम मिळालं. आईचे फार हाल झाले. महिनोन्महिने ती भिंती चाचपत फिरायची, अन्न उष्टावून ठेवायची. ‘मला कुठे आणून टाकलंस’ एवढंच म्हणायची. ताई तिची समजूत काढायची, कधी चिडायची, मग मोरीत जाऊन रडायची. पुढे आई थोडी सावरली. एक दिवस ताईने भरवलेला घास तिने पुरा खाल्ला आणि ऊन बघत बसली. पण तिचं वजन जे गेलं ते परत आलं नाही. पुढच्या वर्षी ती गेली. भाऊ दिवसकार्याला येऊन एका दिवसात परतला. इथे झोप लागत नाही म्हणाला.

तो आता पालिकेचा अध्यक्ष झालाय. चांगला जाड झालाय म्हणतात, आणि हळू बोलतो.

परवा दुपारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मुलगी शाळेत जाते, पहिली आली.

“ताई, तुमच्याच गावात येतोय पुढच्या आठवड्यात,” तो म्हणाला. “कंपनीला तिथे जागा हवीय. तुमचे नगरसेवक इकडे येऊन बघून गेले. एक रात्र राहिले, खूश झाले. सभेत मी बोलणार आहे. तूही चार शब्द बोललीस तर बरं. कानांतलं तुला कळतं. लोक तुझं ऐकतील.”

“मी बोलेन,” ताई म्हणाली. “पण तुला आवडेल असं नाही बोलणार. सगळं सांगेन. बटणाचंही.”

तो रागावला नाही. “बघ तुझं तू,” म्हणाला.  फोन मात्र त्याने ठेवला नाही.

ताईनेही ठेवला नाही. त्याच्या श्वासामागून, खूप लांबून, ती घरघर येत होती. सभेत काय सांगायचं त्याची जुळणी तिने मनात सुरू केली: पहिल्यांदा आईचा हात, मग शिंपीण, मग ती दुपार. वाक्यं नीट लागत होती. फोन कानाशी होता. आणखी थोडा वेळ, असं म्हणत ती खुर्चीत मागे टेकली, आणि तिचे डोळे मिटले.